स्पॅनिश, नेटवर्किंग की लेखनकौशल्य? कोर्स निवडण्याआधी गिऱ्हाईक शोधा



प्रवेशाचे दिवस आले की माझ्याकडे एकाच धाटणीचे प्रश्न यायला लागतात. "सर, कॉलेजच्या लिस्टमध्ये स्पॅनिश आहे, नेटवर्किंग आहे आणि रायटिंग स्किल्स पण आहे. एकच घेता येतं. कशाला स्कोप आहे?" या वेळच्या व्हिडिओत मी यावर बोललो, पण बारा मिनिटांत काय काय बसवणार? म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

'स्कोप' हा शब्द मला फारसा आवडत नाही. तो नोकरी शोधणाऱ्याचा शब्द आहे. तुम्हाला धंदा करायचा आहे ना? मग प्रश्न असा विचारा: हे शिकून मी ज्याच्याकडे बिल घेऊन जाणार, तो माणूस कोण? वाळूजला बसतो, शेंद्र्याला बसतो की पैठण गेटच्या दुकानात? त्याचा पत्ता सांगता आला तर कोर्स घ्या. नाही सांगता आला, तर आधी चार दिवस गावात फिरा.

आता थोडं हिशेबाचं. २०२४-२५ पासून आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांच्या पदवी वर्गांनाही नवं शैक्षणिक धोरण लागू झालं, आणि मुख्य विषयाबरोबर ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे आणि भाषेचे छोटे विषय घेणं आलं. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचं शिकवणं, प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणजे दोन क्रेडिटचा थिअरी कोर्स हा सगळा मिळून ३० तासांचा खेळ. बरेच जण कोणता विषय घेतला की शनिवार मोकळा मिळतो, ते बघून टिक करतात. त्यांचं त्यांना लखलाभ. तुम्ही मात्र एवढं लक्षात घ्या, की ३० तासांत कुणी धंद्याला उभा राहत नाही. ३० तासांत तोंडओळख होते. पुढचे तास तुम्हाला स्वतःच्या खिशातून काढायचे आहेत, म्हणून निवड विचार करून करायची.

नेटवर्किंग: गिऱ्हाईक सगळ्यात जवळ

एक गोष्ट आपल्याच शहरातल्या पोरांना माहीत नसते. जगभर इंटरनेट ज्या काचेच्या तंतूतून धावतं, तो ऑप्टिकल फायबर आपल्याकडे तयार होतो. स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचा शेंद्र्याचा कारखाना काचेचा जाड दांडा बनवतो, त्याला प्रीफॉर्म म्हणतात. वाळूजच्या कारखान्यात फायबर तयार होतो. प्रीफॉर्म भट्टीत तापवून ओढला की त्याचा तंतू होतो, आणि त्या तंतूतल्या काचेची जाडी असते १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. प्रकाश जातो तो त्याच्याही आत, साधारण ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. हा माल इथून बाहेर जातो, आणि इथल्याच एखाद्या शेडमध्ये "कॅमेरा सारखा बंद पडतो हो" म्हणून मालक डोकं धरून बसलेला असतो. तो मालक तुमचं गिऱ्हाईक.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथले छोटे वर्कशॉप डोळ्यांसमोर आणा. ऑफिस एका कोपऱ्यात, गेट दुसऱ्या टोकाला. साध्या कॉपरच्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटरची. गेट १४० मीटरवर असेल आणि कुणी तिथपर्यंत एकसंध कॅट-६ ओढली, तर पहिल्या दिवशी चित्र दिसेलही, नंतर रडारड सुरू. तिथे फायबर टाकायची असते. तिचा आणखी एक फायदा, तिच्यातून वीज वाहत नाही. पावसाळ्यात विजा कडाडल्या की दोन इमारतींमधल्या कॉपर केबलवरून झटका येऊन स्विच जळतात, तसं फायबरचं होत नाही.

दुसरी तक्रार ऐका: "दिवसा कॅमेरे व्यवस्थित, रात्री दोन-तीन बंद." मालकाला वाटतं चोरांनी काही केलं, इन्स्टॉलरला वाटतं कॅमेरा खराब. कॅमेरा बदलतात, तरी तेच. खरं कारण बऱ्याचदा स्विचमध्ये असतं. केबलवरूनच वीज देणाऱ्या, म्हणजे पीओई स्विचचं एकूण वॉटचं बजेट ठरलेलं असतं. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, प्रत्येक कॅमेरा जास्त वीज खेचतो, आणि स्वस्तातल्या स्विचचं बजेट संपतं. हे ज्याला कळतं तो पाच मिनिटांत दोष सांगतो आणि वर्षाचा एएमसी घेऊन बाहेर पडतो.

हे शिकायला अवजारं काय लागतात? क्रिंपिंग टूल, लॅन टेस्टर, एक बरा ड्रिल. काही हजारांत काम होतं. टी-५६८-बी चा रंगक्रम (पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी) झोपेतून उठवलं तरी सांगता आला पाहिजे. फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन महाग, त्यासाठी सुरुवातीला कर्ज काढू नका. ज्याच्याकडे मशीन आहे त्याला जोडामागे पैसे देऊन काम करून घ्या. महिन्याला किती जोड लागतात ते सहा महिने वहीत लिहा, मग मशीनचं बघू.

शिकायचं कुठे? कॉलेजचा विषय असेल तर घ्याच, पण लॅबमध्ये स्विच आणि राउटर खरोखर हाताळायला मिळतात का हे आधीच्या वर्षाच्या मुलांना विचारून घ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात नायलिटचं केंद्र आहे, केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी मंत्रालयाची ही संस्था. तिथल्या कोर्सची यादी स्वतः जाऊन बघा. आयटीआयमध्ये आयसीटी सिस्टीम मेंटेनन्सचा ट्रेड असतो. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचे सुरुवातीचे कोर्स ऑनलाइन फुकट आहेत आणि पॅकेट ट्रेसर नावाचं त्यांचं सॉफ्टवेअरही फुकट, त्यात घरबसल्या अख्खं नेटवर्क जोडून बघता येतं. सीसीएनए परीक्षेची फी मात्र ३०० डॉलर आहे, वर कर. नोकरीला त्याचा उपयोग होतो. कॅमेऱ्याचं काम मागायला जाल तेव्हा वाळूजचा मालक सीसीएनए विचारणार नाही, त्यामुळे वडिलांचे पैसे तिथे घालायची घाई करू नका.

आणि एक धोक्याची सूचना. एक ब्रॉडबँड कनेक्शन घ्यायचं आणि गल्लीतल्या वीस घरांना वाटून पैसे घ्यायचे, असला 'आयडिया' कुणी दिला तर हात जोडा. इंटरनेट विकायला परवाना लागतो, किंवा परवानाधारक कंपनीशी रीतसर फ्रँचायझी करार लागतो. सरळ मार्ग हवा असेल तर डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम-वाणी योजना बघा. त्यात चहाची टपरी किंवा किराणा दुकानदारसुद्धा सार्वजनिक वायफाय देऊ शकतो, त्याला दूरसंचार विभागाचा परवाना लागत नाही, नोंदणीही लागत नाही. तुम्ही मात्र एखाद्या नोंदणीकृत अ‍ॅग्रिगेटरशी जोडलेले असले पाहिजे. एकट्या त्यावर घर चालेल असं मी म्हणणार नाही. दुकानात गिऱ्हाईक थांबवून ठेवायला बरं.

स्पॅनिश: गिऱ्हाईक लांब, पण स्पर्धक कमी

"सर, इथे स्पॅनिश कोण बोलतं?" बरोबर आहे, गुलमंडीत कुणी नाही बोलत. पण वाळूजमध्ये काय बनतं? बजाज ऑटोचा इथला कारखाना १९८५ पासूनचा, मोटारसायकली आणि तीनचाकी दोन्ही बनवणारा. आणि पेरू देशात मोटोटॅक्सी म्हणून, ग्वाटेमालात टुकटुक म्हणून ज्या रिक्षा पळतात, त्यांत बजाजच्या किती दिसतात ते यूट्यूबवर एकदा बघा. कोलंबिया, मेक्सिको इथे बजाजच्या बाइक विकल्या जातात. कंपनीला तुमच्या स्पॅनिशची गरज नाही, त्यांची माणसं आहेत. पण गाडी जिथे जाते तिथे पुढे वर्षानुवर्षं सुटे भाग लागतात, आणि सुटे भाग बनवणारे लहान-मोठे वेंडर आपल्या शहरात भरपूर आहेत. त्यातल्या एखाद्याला थेट निर्यात करायची इच्छा असते आणि समोरच्या खरेदीदाराचा स्पॅनिश व्हॉइस मेसेज आला की तो गप्प बसतो. तुमचं गिऱ्हाईक तो वेंडर आहे.

लगेच कुणी म्हणेल, मोबाईल भाषांतर करतो की! करतो. आता एक शब्द घ्या, 'यान्ता'. मेक्सिको, कोलंबिया, पेरू इथे त्याचा अर्थ टायर. स्पेन आणि अर्जेंटिनात त्याचा अर्थ चाकाची रिम. (अर्जेंटिनात तो 'शान्ता' असा ऐकू येतो, अगदी आपल्या शांता मावशीसारखा.) ऑर्डरमध्ये 'यान्ता ५००' लिहिलंय, काय पाठवणार? दुसरं, आकडे. कोलंबिया, चिली, अर्जेंटिनात हजार वेगळे करायला टिंब वापरतात आणि दशांशाला स्वल्पविराम. म्हणजे १.२५० हे सव्वा नसून साडेबाराशे. मेक्सिको आणि पेरूत आपल्यासारखंच. हे माहीत असलेल्या माणसाला पैसे मिळतात, नुसतं भाषांतर करणाऱ्याला नाही.

मराठी माणसाला स्पॅनिश सोपी जाते, हे मी उगाच उत्साह वाढवायला सांगत नाही. त्यांचा 'त' आणि 'द' आपल्यासारखा दंत्य, इंग्रजीतला ट-ड नाही. स्वर पाचच आणि स्वच्छ. 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद त्यांच्याकडेही आहे, खरेदीदाराशी बोलताना 'उस्तेद' म्हणायचं. 'जातो' म्हटलं की 'मी' वेगळं सांगावं लागत नाही, तिथेही तसंच. आणि सगळ्यात गंमत म्हणजे 'मला आवडतं' हे. इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता', म्हणजे शब्दशः 'मला आवडतं'! इंग्रजी माध्यमातून आलेल्याला हे समजवायला तास जातो, तुम्हाला एक मिनिट. शिवाय पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि पोर्तुगिजांनी आपल्याला शब्द दिलेतच. आपला पगार, तिथे 'पागार' म्हणजे पैसे देणे. आपली बिजागरी, तिथे 'बिसाग्रा'. हार्डवेअरवाल्यांनी तर ही भाषा शिकलीच पाहिजे!

पण वेळ लागतो, हे लपवत नाही. युरोपीय मोजपट्टीत ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या आहेत. कॉलेजच्या ३० तासांत ए-१ सुद्धा नीट होत नाही. धंद्याचं बोलणं करायला निदान बी-१ हवं, म्हणजे नियमित अभ्यासाची दोन वर्षं धरा. तुमच्या कॉलेजात स्पॅनिश असेल तर तिथून सुरुवात करा. नसेल तर इग्नूचा स्पॅनिशचा सर्टिफिकेट कोर्स आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग फर्ग्युसन रोडवर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. स्पेन सरकारची इन्स्तितुतो सेर्वान्तेस ही संस्था नवी दिल्लीत आहे. 'देले' परीक्षा त्यांचीच, आणि तिच्या प्रमाणपत्राची मुदत संपत नाही.

वेळेचा एक फायदा सांगतो, तो नोकरी करणाऱ्यांना विशेष पटेल. लिमा आणि बोगोटा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहेत. इथे संध्याकाळचे साडेसहा वाजले की तिथे सकाळचे आठ. दिवसभराचं काम उरकून संध्याकाळी हे काम करता येतं.

अजिंठा-वेरूळचं काय? स्पॅनिश पर्यटक येतात, पण हंगाम ऑक्टोबर ते मार्च. मार्गदर्शक म्हणून काम करायला परवाना लागतो, भाषा आली म्हणून कुणी लेण्यांत उभं करत नाही. मी याला जोडउत्पन्न म्हणेन. हिमरू किंवा पैठणीचं दुकान असणाऱ्यांनी मात्र पन्नास वाक्यं पाठ करायला हरकत नाही.

लेखनकौशल्य: ज्याला सगळे ऑप्शनला टाकतात

या विषयाचं नाव ऐकलं की मुलांना निबंध आठवतो. "माझा आवडता ऋतू." त्यामुळे जांभई येते. माझं मत मात्र असं, की तिघांतला एकच घ्यायचा झाला तर हा घ्या. कारण बाकीचे दोन यूट्यूबवरून, उस्तादाच्या हाताखाली, ऑनलाइन शिकता येतात. तुमचं लिहिलेलं वाचून "हे वाक्य मला कळलं नाही" असं तोंडावर सांगणारं माणूस फक्त वर्गातच फुकट मिळतं.

धंद्यातलं लेखन म्हणजे काय? कोटेशन, पेमेंटची आठवण, तक्रारीला उत्तर, बँकेसाठी प्रकल्प अहवाल. पीएमईजीपी किंवा राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासाठी अर्ज करणारे अनेक जण अहवाल दुसऱ्याकडून लिहून घेतात. त्याच्याकडे एकच साचा असतो, पापडाच्या अहवालात नाव बदलून नेटवर्किंगचा होतो. मॅनेजर विचारतो, "हे पहिल्या वर्षाचे विक्रीचे आकडे कुठून आले?" आणि आपला माणूस छताकडे बघतो. फाइल तिथेच अडते. स्वतः लिहिलेला अहवाल मराठीत आणि साधा असला तरी चालेल, पण त्यातली प्रत्येक ओळ तुम्हाला समजावून सांगता आली पाहिजे. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं मुख्यालय आपल्याच शहरात, रेल्वे स्टेशनजवळच्या एमआयडीसीत आहे. अहवालाचा कच्चा खर्डा घेऊन तिथे जा आणि प्रश्न विचारा. कोरे हात घेऊन गेलात तर माहितीपत्रक मिळेल.

आता कोटेशन. कॅमेऱ्याच्या कामाचं कोटेशन पोरं व्हॉट्सअ‍ॅपवर असं पाठवतात:

"सर ८ कॅमेरा ६८००० टोटल. फायनल रेट."

त्याच कामाचं हे दुसरं बघा. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला:

"नमस्कार साहेब. मंगळवारी तुमचं गोडाऊन पाहिलं, त्याचं हे कोटेशन. गेट, लोडिंगची जागा आणि ऑफिस मिळून ८ कॅमेरे लागतील. गेट ऑफिसपासून १४० मीटरवर आहे, म्हणून तिथपर्यंत फायबर टाकावी लागेल, बाकी ठिकाणी लॅन केबल. रेकॉर्डिंग १५ दिवसांचं राहील. माल आणि मजुरी मिळून ६८,००० रुपये, जीएसटी वेगळा. खोदकाम आणि वीजजोडणी यात धरलेली नाही, ती तुमच्याकडून. ऑर्डर मिळाल्यापासून ६ दिवसांत काम पूर्ण करतो. हा दर ३१ तारखेपर्यंत लागू."

किंमत तीच आहे. पण पहिला मेसेज वाचून मालक लगेच दुसऱ्याला फोन लावतो, "६८ म्हणतोय, तू किती?" दुसरा मेसेज त्याने पुढे पाठवला, तर समोरच्यालाही १४० मीटर आणि फायबर यावर बोलावं लागतं. तो बोलू शकला नाही की काम तुमचं.

त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ कोणती? "यात धरलेली नाही" ही. माझ्या बॅचमधल्या पोरांची पैशांवरून जी भांडणं होतात ती बहुतेक याच एका ओळीच्या अभावी. खोदकाम कुणाचं, शिडी कुणाची, जुनी केबल काढायची कुणी? हे आधी लिहिलं नाही तर शेवटी ते तुमच्या नफ्यातून जातं. आणि हे स्पॅनिश कोटेशनलाही तसंच लागू आहे. तिथे कोटेशनला 'कोतिसासिओन' म्हणतात आणि माल पोचवायच्या मुदतीला 'प्लासो दे एन्त्रेगा'. भाडं कुणाचं, विमा कुणाचा, दर कोणत्या तारखेपर्यंत, हे तिथेही लिहावंच लागतं. मेक्सिकोत तर ग्राहकाच्या हातात जाणाऱ्या मालाच्या लेबलवर स्पॅनिश मजकूर सक्तीचा आहे, तेव्हा ते लेबल छापायचा खर्च कुणाचा, हीसुद्धा एक ओळ.

काम संपल्यावर आणखी एक कागद लिहायचा असतो आणि तो जवळजवळ कुणीच लिहीत नाही. कोणती केबल कोणत्या कॅमेऱ्याची, स्विच कुठल्या कपाटात, रेकॉर्डरचा आयपी पत्ता काय, वॉरंटी कधीपर्यंत. एक पान पुरतं. पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात मालकाच्या हातात द्यायचा. त्या पानाच्या खाली तुमचं नाव आणि मोबाईल नंबर मोठ्या अक्षरात लिहा, आणि ते पान स्विचच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. दोन वर्षांनी काही बिघडलं की दार उघडणारा माणूस ते वाचतो आणि त्याच नंबरवर फोन लावतो.